बस्त्याला आलेल्यांनी बसावं कुठं?

एप्रिलच्या मध्यावर अमरावतीला निघालोय म्हटल्यावर साताऱ्यातल्या आमच्या आळीने मला जवळजवळ शेवटचाच निरोप दिला. शेजारच्या काकूंनी खिशात ठेवायला कांदा दिला. समोरच्या वैद्यांनी धने-जिऱ्याचं पाणी कधी प्यायचं ते कागदावर लिहून दिलं. त्यांच्या लेखी विदर्भ म्हणजे पेटलेली भट्टी आणि मी त्यात स्वतःच्या पायांनी चाललेला म्हातारा. मी शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. एवढ्या काळात मुलांनी काढलेले सहाशे सूर्य मी तपासले असतील, पण खरा सूर्य मी पहिल्यांदा वऱ्हाडात पाहिला हे आधीच कबूल करतो.

बोलावणं धाकट्या बहिणीचं होतं. सुलभा लग्न होऊन अमरावतीला गेली त्याला तीस वर्षं झाली. आमच्या मेहुण्यांचं जुन्या कापड ओळीत साड्या-लुगड्यांचं दुकान. ते चार वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून सुलभा एकटी दुकान सांभाळते. तिचा फोन आला, "दादा, तुझे ब्रश घेऊन ये. आमच्या ओळीतली शटरं रंगवाची हायेत. चार दिवस ओळीत गाड्या बंद करून राहिलो आमी. जत्रा भरवतो म्हन ना."

दुसऱ्याच दिवशी हैदराबादहून भाच्याचा, निखिलचा फोन. "मामा, जातोच आहेस तर आईला समजाव. गिऱ्हाईक उरलेलं नाही तिथं. एका ठोक व्यापाऱ्याला गोदामासाठी दुकान हवंय. रविवारी संध्याकाळी त्याचा मुनीम चावी न्यायला येणार आहे. आई म्हणते, हे चार दिवस बघते, ओळ भरली नाही तर देते चावी आणि येते तुझ्याकडे. तू फक्त तिचं मन फिरू देऊ नकोस."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. साठीला टेकलेली बाई, लेक-सून बोलावतायत, तिने कशाला गल्ल्यावर बसून माश्या मारायच्या? तेव्हा बॅगेत ब्रश आणि पोटात हे गुपित घेऊन मी निघालो.

गुरुवार, अमरावती

बडनेऱ्याला सकाळी उतरलो तेव्हा हवा बरी होती. मी मनातल्या मनात आमच्या आळीला हसलो. साडेदहाला हसू बंद झालं.

कापड ओळ लांबीला फार नाही, एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकावरचा, दह्यात बुडवलेल्या गिल्या वड्याचा गाडा दिसतो. दोन्ही बाजूंना जुनी दुकानं. कापड, भांडी, बांगड्या, मध्येच एक अत्तरवाला. एरवी इथं दोन्ही अंगांना दुचाक्या लावलेल्या असत आणि मधून रिक्षा हॉर्न वाजवत जात. बाईमाणसाला दुकानाची पायरी चढायची तर आधी एक गाडी उचलून बाजूला करावी लागे. मग बायपासला वातानुकूलित मोठी दुकानं झाली आणि लोक तिकडे गेले.

ओळीचे पुढारी गुलाबराव. पितळ-स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी, आवाज घंगाळात बोलल्यासारखा. त्यांनी पहिल्याच भेटीत मला सगळं सांगून टाकलं. "मास्तर, आमी म्हनत होतो गिऱ्हाईकायच्या गाड्यायनं रस्ता अडते. एक दिवस मोजाले बसलो तं निम्म्या गाड्या आमच्याच! मी तोंड लपवत घरी गेलो."

मग सगळ्या दुकानदारांनी आपापल्या गाड्या जवळच्या शाळेच्या मैदानात लावायचं ठरवलं आणि संध्याकाळी पाच ते दहा ओळ फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायची परवानगी मिळवली. परवानगी चारच दिवसांची. त्यात काही जमलं तर पुढे अर्ज करायचा. ऐन लग्नसराईचे दिवस मुद्दाम धरले होते. एक जुनी कापसाची जिनिंग गिरणी पाडली गेली होती, तिथल्या सागाच्या फळ्या आणून प्रत्येक दुकानासमोर एक बाक केला होता. काय ते लाकूड! मी हात फिरवून पाहत राहिलो. आमच्याकडे अशा समितीत पहिलं वर्ष अध्यक्ष कोण यातच गेलं असतं. इथं महिन्याभरात बाकसुद्धा तयार.

पाच वाजता दोरी लावून रस्ता बंद झाला. लोक आले. म्हणजे आले आणि एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघून गेले. काहींनी गिला वडा खाल्ला. बाकांवर कुणी टेकलं नाही. आठ वाजता गुलाबराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "लोकायले चालाले रस्ता देला, तं ते चालूनच गेले!"

सगळे हसले, सुलभासुद्धा. घरी येताना मात्र तिने दोनदा मागे वळून ओळीकडे पाहिलं. मी म्हटलं, समजवायला ही वेळ बरी आहे. पण तिने ताटात गरम भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला, आणि माझ्या तोंडून काही निघालं नाही. अर्थात त्यात ठेच्याचाही वाटा होता.

शुक्रवार, अमरावती

वऱ्हाडात उन्हाळ्यात दुपारी एक ते साडेचार बाजार झोपतो. सगळी शटरं खाली. राखाडी पत्र्याची लांबच लांब रांग, बघूनच माणूस मागे फिरेल. ती रंगवायची अशी कल्पना होती. मी सकाळी सहालाच कामाला लागलो. गुलाबरावांच्या शटरवर एक मोठी पितळी कळशी, अत्तरवाल्याच्या शटरवर मोगऱ्याचा वेल. साडेदहाच्या पुढे पत्रा असा तापला की रंग ब्रशवरच वाळायला लागला. मोगऱ्याची शेवटची कळी मी अक्षरशः भाजून काढली.

सुलभाच्या शटरवर काढायला मी पैठणीचा मोर योजला होता. तिने हात धरला. "माह्या शटरवर नोको काढू काही."

"का गं?"

"माहं शटर वरच राहू दे. चित्र पाहाले ते खाली कराव लागन."

मी निखिलला दिलेल्या शब्दाची आठवण काढली आणि ब्रश धुवायला गेलो.

त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम सावलीचा. संध्याकाळी पाचलासुद्धा ओळीतली फरशी पायाला चटके देते, तर माणूस थांबेल कसा? त्यावर वलगावच्या अनसूयाबाईंनी तोड काढली होती. त्यांच्या घरची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. रोपांवर घालायची हिरवी जाळी असते ना, तसल्या जाळीचं जुनं, पण धड असलेलं भलंमोठं बिंडं त्यांनी टेम्पोत घालून पाठवलं. अनसूयाबाई म्हणजे सुलभाच्या दुकानाच्या पन्नास वर्षांच्या गिऱ्हाईक. स्वतःच्या लग्नाचं लुगडं त्यांनी सुलभाच्या सासऱ्यांकडून घेतलेलं.

पोरं गच्च्यांवर चढली आणि जाळी या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत एकसंध ताणून बांधली. खाली हिरवीगार सावली पडली. टाळ्या झाल्या. गुलाबरावांनी नारळही फोडला. नारळाचं पाणी फरशीवर वाळतंय न वाळतंय तोच कुठूनशी वावटळ उठली. जाळी आधी फुगली, मग एका बाजूच्या सगळ्या गाठी एकदम सुटल्या आणि ते अख्खं धूड गुलाबरावांच्या दुकानावर येऊन पडलं. दारातली पातेल्यांची उतरंड कोसळली. एक तांब्याचा बंब घरंगळत निघाला तो गिल्या वड्याच्या गाड्यापाशी जाऊन थांबला. चाळीस-पन्नास माणसं श्वास रोखून गुलाबरावांकडे पाहत होती.

गुलाबराव जाळीखालून बाहेर आले, डोक्यावरची जाळी पदरासारखी सावरली आणि म्हणाले, "काहून उभे राहिले सारे? बंब आना ना बे!"

कुणाला लागलं नव्हतं हे नशीब. आपली भांडी चेपलेली पाहून हसणारा व्यापारी मी तरी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी तिथूनच अकोल्याला फोन लावला. अकोल्याच्या कापड बाजारात एका गल्लीवर असाच कपडा बांधलाय आणि तो तीन उन्हाळे टिकलाय असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी ओळीत कालच्यापेक्षाही कमी माणसं होती.

शनिवार, अकोला आणि परत

पहाटेच्या एसटीने गुलाबराव आणि मी अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी जमीन, एवढी काळी की मला कोळशाचा तुकडा घेऊन कागदावर बसावंसं वाटलं. आमच्याकडे नजर कुठल्यातरी डोंगराला जाऊन अडते. इथं ती अडतच नाही, आणि पहिला अर्धा तास मला त्याची थोडी भीतीच वाटली.

तो कपडा बांधणारे रफीकभाई मंडपवाले. पांढरी दाढी, खांद्यावर दोर. त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला, मग अमरावतीची टिंगल केली. "ऊन पाहाचं असंन तं अकोल्यात या साहेब. तुमच्या अमरावतीत निसती ऊब असते." गुलाबरावांनी तो अपमान निमूट गिळला, कारण काम होतं.

मग ते आम्हाला गल्लीत घेऊन गेले. वर पाहिलं आणि मला आमची चूक कळली. एकसंध कपडा नव्हताच. हातभर रुंदीचे पट्टे, दोन पट्ट्यांमध्ये वीतभर मोकळी जागा, आणि प्रत्येक पट्टा मध्ये थोडा सैल सोडलेला. वारा आला की पट्टे आळोखेपिळोखे देत आणि पुन्हा जागेवर येत. खाली एका रांजणावर ओलं लाल फडकं, शेजारी पाणी द्यायला एक आजोबा, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं निवांत बसलेली. सकाळचे दहा वाजले होते आणि त्या गल्लीतून बाहेर पडू नये असं वाटत होतं.

"हवेशी दुश्मनी नाही कराची," रफीकभाई म्हणाले. "तिले जाले रस्ता द्या, ते बिचारी निंघून जाते."

गुलाबरावांनी कपाळावर हात मारला. एवढी युक्ती विचारून घेतल्यावर आम्ही निघणार, तर रफीकभाईंनी दोराची दोन वेटोळी खांद्यावर टाकली आणि आमच्याबरोबर चालू लागले. "तुमी बांधसान तं पुन्हा भांड्यायवरच पडन," म्हणाले. शेजारच्या गावाचा बाजार भरावा म्हणून आपलं शनिवारचं काम टाकून निघालेला माणूस! आमच्याकडे शेजारच्या गावाला बाजारातली युक्ती सांगणारा घरभेदी ठरला असता. मला या मंडळींचा हेवा वाटला, आणि तो वाटला हे इथं लिहायला संकोच वाटत नाही.

चारपर्यंत जाळी कापून पट्ट्यापट्ट्यांनी बांधून झाली. वारा आला, पट्टे हलले, कुणाच्या भांड्यावर काही पडलं नाही. खाली सावली आली आणि संध्याकाळी माणसंही आली, आदल्या दोन दिवसांपेक्षा बरीच. पण बसायला कुणी तयार नाही. उन्हाचं कारणही आता उरलं नव्हतं. आम्ही सगळे बाकांकडे बघत उभे.

त्यातच अनसूयाबाई आल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आपल्या जाळीचं काय झालं ते पाहायला वलगावहून आल्या होत्या. सुलभाने बाकाकडे हात केला. "बसा ना जी, मावशी."

मावशींनी बाकाला वळसा घातला आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"काहून? बाक आहे ना," गुलाबराव दुखावल्या सुरात म्हणाले.

"त्याच्यावर कोन बसन?" मावशी म्हणाल्या. "त्याच्यावर बसलं की तोंड सीधं दुकानाकडे. तुमी गल्ल्यावरून माह्याकडे पाह्यता, मी तुमच्याकडे पाह्यतो. घेवाचं काही नसलं तं मले चोरी केल्यासारखं वाटते. उठून जा वाटते."

मी बाकांकडे पाहिलं. खरंच की! प्रत्येक दुकानदाराने आपला बाक आपल्याच दुकानाकडे तोंड करून मांडला होता, म्हणजे बसलेल्याला माल दिसत राहावा. अख्ख्या ओळीभर बाक, सगळे भिंतीकडे तोंड केलेले. आयुष्यभर मुलांना 'आधी नीट बघा' सांगणारा मी तीन दिवस त्यांच्यामधून ये-जा करत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं.

मावशी आता रंगात आल्या होत्या. "बस्त्याले आमी चौदा मानसं येतो. लुगडी पाह्यतात तिघी. बाकीच्या अकरायनं जावं कुठं? त्या बायपासच्या दुकानात थंडं हाय, पन बसाले एकच सोफा. मानसं मंग गाडीत बसून राह्यतात अन् हॉर्न वाजवतात. हॉर्न वाजला का आमची घाई. घाईत काय बस्ता होते का? बसलेल्याले गोष्टी कराले कोनी पाह्यजे, समोरासमोर. मंग ते दोन घंटे बसतात, अन् आमी सुखानं पाह्यतो."

ज्यांना काही घ्यायचं नाही त्यांची सोय आधी करायची, हे त्या ओळीतल्या एकाही व्यापाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बांगडीवाला मात्र कुरकुरला, "बाक फिरवले तं माह्या दुकानाकडे पाठ होईन. दुकान कोन पाह्यन मंग?"

"आमची मान काय लाकडाची हाय?" मावशी म्हणाल्या. "फिरते ना ते."

गुलाबरावांनी पहिला बाक स्वतः उचलला. दुसरं टोक रफीकभाईंनी धरलं. अर्ध्या तासात दोन-दोन बाक रस्त्याच्या मधोमध, जाळीखाली समोरासमोर आले. पहिल्या जोडीवर मावशी आणि रफीकभाई बसले, आणि संत्र्याच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी किती द्यावं यावर दोघांचं जे सुरू झालं ते एसटीची वेळ होईपर्यंत थांबलं नाही. उठताना मावशी सुलभाला म्हणाल्या, "उद्या नातीच्या बस्त्याले येतो. चौदाच्या चौदा."

रविवार, अमरावती

आणि चौदा नव्हे, सतरा माणसं आली. जीपमधून शाळेच्या मैदानात उतरली आणि वरात काढल्यासारखी चालत ओळीत शिरली. तिघी दुकानात गेल्या, चौदा बाकांवर पसरली. एका काकांनी वहाणा काढून मांडी घातली. कुणीतरी गिल्या वड्याच्या बश्या आणल्या. दह्याखालच्या तिखटाने मला ठसका लागला तेव्हा समोरच्या अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की ठसक्यापेक्षा तीच जास्त लागली. त्यांना बसलेलं पाहून आणखी लोक बसले. बसलेल्यांना पाहून जाणारे थांबले. अत्तरवाला फाये वाटत फिरायला लागला. बांगडीवाल्याकडे एवढी गर्दी झाली की त्याला कुरकुरायला सवडच नव्हती.

दुकानात वेगळीच गंमत चालली होती. हिरव्या जाळीखाली रंग फसवतात. माणकासारखा लाल शालू हिरव्या सावलीत मळका दिसतो, हे मी मास्तर असून मला आधी सुचायला हवं होतं. नवरीने तोंड वाकडं केलं. पण सुलभा शालू हातावर टाकून सरळ रस्त्यात आली, दोन पट्ट्यांच्या मधल्या वीतभर उन्हात तो धरला, आणि लाल रंग असा उजळला की बाकांवरची सगळी मंडळी एका सुरात "वाऽ" म्हणाली. मग प्रत्येक साडी बाहेर आली. ज्यांना काही घ्यायचं नव्हतं ते आपापल्या सुनांच्या साड्यांचे दाखले देत रंग सुचवू लागले. त्या तिरप्या उन्हात केस सुटलेली, घामेजलेली माझी बहीण मला वीस वर्षांनी लहान दिसली. मी तोंड फिरवून जाळीच्या गाठी तपासल्या.

एवढं होऊन शालू काही ठरला नाही. मावशी म्हणाल्या, "व्याहीनबाईले दाखोल्याशिवाय कसा घ्यावा? मंगळवारी तिले घेऊन येतो." दोन साध्या साड्या घेऊन सतरा जण निघून गेले. एवढा थाट झाला आणि हाती काय लागलं?

सातच्या सुमाराला मुनीम आला. सभ्य माणूस, हातात पिशवी. सुलभाने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी जवळच होतो.

"ताई, चावी देता ना? शेठनं सांगलं होतं आज."

"नाई देत, भाऊ. मंगळवारी लोकं येऊन राहिले माह्याकडे."

"मंग मंगळवारनंतर येऊ?"

सुलभाने त्याच्याकडे पाहिलं, मग ओळीकडे. "मंगळवारच्या मांगं बुधवार येते ना, भाऊ," ती शांतपणे म्हणाली.

मुनिमाने पाणी संपवलं, आणि उठण्याऐवजी समोरच्या माणसाशी बोलू लागला. दोन बायका पायरीशी येऊन उभ्या होत्या, सुलभा त्यांच्याकडे वळली.

माझा फोन वाजला. निखिल. "मामा, दिली का चावी? आईला दे ना फोन."

मी पाहिलं. ती एक जांभळी साडी खांद्यावर टाकून त्या बायकांना रस्त्यात घेऊन चालली होती.

"आत्ता नाही जमणार रे," मी म्हणालो. "गिऱ्हाईक आलंय."